रुग्णाचा होकार

आमच्या लहानपणी गावात कोणाला कर्करोग झाला, तर त्या रोगाचे नाव घेतले जात नसे. ‘मोठे दुखणे आहे’ एवढेच बायका विहिरीवर हलक्या आवाजात एकमेकींना सांगत, आणि ऐकणारी क्रूसाची खूण करी. आज चित्र पालटले आहे. आपल्या धर्मग्रामांतील अकरावी-बारावीची मुलेमुली विज्ञान प्रदर्शनासाठी कर्कपेशींची चित्रे काढतात. जनुक, प्रतिकारशक्ती, केमोथेरपी, इम्युनोथेरपी हे शब्द त्यांच्या तोंडी सहज येतात. त्यांपैकी काहींना पुढे संशोधक व्हायचे आहे. एखाद्याच्या घरी आजी या रोगाने गेलेली असते, एखादीचे काका उपचार घेत असतात. केवळ गुणांसाठी नव्हे, तर मनापासून ही मुले या विषयाकडे वळतात, याचा आम्हांस आनंद वाटतो.

या मुलांना शिक्षक पेशी शिकवतात, औषधे शिकवतात, आकडेही शिकवतात. परंतु एक प्रश्न पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. प्रत्येक नवे औषध कोणावर तरी प्रथम वापरावे लागते. ज्याच्यावर ते प्रथम वापरले जाते, त्याला त्याचा उपयोग होईलच असे नाही. उपयोग होतो तो पुष्कळदा त्याच्यामागून येणाऱ्यांना. मग मागून येणाऱ्या हजारोंसाठी आज खाटेवर असलेल्या एका रुग्णाच्या देहाचा उपयोग करणे नीतीला धरून आहे काय? असल्यास कोणत्या अटीवर? हा प्रश्न संशोधकांचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते. तो आपल्या प्रत्येक कुटुंबाचाही आहे, हे या लेखात दाखवण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम आपल्या जवळचेच उदाहरण घेऊ. पवईच्या आय.आय.टी. मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर या दोन संस्थांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार-१९’ नावाचा उपचार तयार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला शासकीय मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवई येथे त्याचा शुभारंभ झाला. रक्ताच्या काही विशिष्ट कर्करोगांवरील हा उपचार आहे. रुग्णाच्या रक्तातील टी-पेशी नावाचे प्रतिकारक सैनिक बाहेर काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवे जनुक घालून त्यांना कर्कपेशींवरील ‘सीडी-१९’ ही खूण ओळखायला शिकवतात, त्यांची संख्या वाढवतात आणि मग त्या पुन्हा रुग्णाच्याच शरीरात सोडतात. अमेरिकेत २०१७ साली या जातीचा पहिला उपचार बाजारात आला, तेव्हा त्याची किंमत पावणेपाच लाख डॉलर होती. आपल्याकडील उपचार त्याच्या सुमारे एक-दशांश खर्चात मिळू लागला. सामान्य कुटुंबाला ही रक्कमही डोंगराएवढीच, तरीपण दार किलकिले झाले, ही गोष्ट लहान नाही.

या उपचाराच्या चाचणीत ६४ रुग्णांनी भाग घेतला होता. ज्यांच्या बाबतीत परिणाम मोजता आला, त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांच्या रोगाने उपचाराला प्रतिसाद दिला. विद्यार्थी हा आकडा वहीत लिहून घेतात आणि घेतलाच पाहिजे. मात्र शंभरातून ७३ वजा केले की २७ उरतात, हेही त्यांनी लिहावे. त्या उरलेल्यांनीही आपले रक्त दिले, आठवडेच्या आठवडे वाट पाहिली, ताप आणि ग्लानी सोसली. त्यांच्यापासून जे ज्ञान मिळाले, ते बरे झालेल्यांपासून मिळालेल्या ज्ञानाहून कमी मोलाचे नाही. औषध कोठे थांबते, हे त्यांनीच आपल्याला सांगितले.

असे ऋण वैद्यकशास्त्राच्या इतिहासात पानोपानी सापडते. १९४७-४८ च्या सुमारास अमेरिकेतील बॉस्टन शहरी डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. ज्या प्रयोगशाळेतून ते आले, तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमला जन्मलेले डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. १९४८ च्या शोधनिबंधात सोळा मुलांची हकीकत आहे. दहा मुलांना आराम पडला; परंतु तो तात्पुरता होता आणि निबंधाच्या शीर्षकातच तसे प्रांजळपणे म्हटले होते. आज श्रीमंत देशांत त्या जातीच्या रोगाने पछाडलेल्या मुलांपैकी सुमारे नव्वद टक्के मुले जगतात. बॉस्टनच्या त्या मुलांनी दाखवलेल्या वाटेने ती घरी परतली आहेत.

फार्बर यांनी केले ते योग्य होते काय? आमच्या मते होते, आणि त्याची कारणे सांगता येतात. त्या मुलांपुढे दुसरा उपचार नव्हता. औषध दिले ते प्रथम त्यांच्याच भल्याच्या आशेने. आणि निष्कर्ष मांडताना यश फुगवून सांगितले नाही.

आता दुसरे उदाहरण पाहू. ते आम्हांस अधिक अस्वस्थ करते, कारण त्यात वरवर पाहता कोणाचेच नुकसान झाले नाही. १९६३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील ज्यूंच्या एका रुग्णालयात बावीस वृद्ध व जर्जर रुग्णांच्या त्वचेखाली जिवंत कर्कपेशी टोचण्यात आल्या. प्रयोग डॉ. चेस्टर साउदम या नामांकित संशोधकाचा होता. निरोगी माणसाचे शरीर परक्या कर्कपेशींना झटकन हुसकावून लावते, कर्करोग्याचे शरीर मात्र मंदपणे, असे त्यांना आढळले होते. हा मंदपणा कर्करोगामुळे येतो की कोणत्याही दीर्घ आजाराने आलेल्या अशक्तपणामुळे, हे त्यांना शोधायचे होते. प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चांगला होता. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कर्करोगाशी कशी झुंजते, या विचारावरच तर आजची इम्युनोथेरपी उभी आहे. टोचलेल्या पेशी मूळ धरणार नाहीत, अशीही त्यांची खात्री होती.

परंतु रुग्णांना काय सांगितले? तुमची प्रतिकारशक्ती तपासण्याची ही चाचणी आहे, गाठ येईल आणि काही आठवड्यांत जिरून जाईल, एवढेच. ‘कर्क’ हा शब्द उच्चारला नाही. त्या शब्दाने रुग्ण विनाकारण घाबरतील, असे कारण पुढे देण्यात आले.

त्या रुग्णालयातील तीन तरुण डॉक्टरांना या प्रयोगात साहाय्य करण्यास सांगण्यात आले होते. तिघांनी नकार दिला आणि पुढे राजीनामे दिले. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे जी संहिता निघाली, तिचे पहिलेच कलम माणसाच्या स्वेच्छापूर्वक संमतीचे आहे. त्या गोष्टीला तेव्हा अवघी सोळा वर्षे झाली होती, आणि हे तिघेही ज्यू होते. पुढे चौकशी झाली, साउदम दोषी ठरले. शिक्षा मात्र प्रत्यक्षात एका वर्षाच्या देखरेखीपुरतीच राहिली. १९६८ साली ते आपल्या देशातील कर्करोग संशोधकांच्या संघटनेचे अध्यक्षही झाले. वैद्यकीय प्रयोगांविषयीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ साली निघाला. त्यानंतर संमतीचे नियम देशोदेशी कडक होत गेले.

येथे कोणी विचारील, ‘कोणाला इजा झाली नाही, ज्ञान मिळाले, मग पाप कोठे आहे?’ हा प्रश्न टाळता येणार नाही. कांट या जर्मन तत्त्वज्ञाने सांगितले की, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. तो स्वतःच साध्य आहे. ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा. आपण रोजच एकमेकांच्या उपयोगी पडतो. गवंडी आपले घर बांधतो, शिक्षक आपल्या मुलांना शिकवतो. परंतु गवंड्याला ठाऊक असते की तो घर बांधीत आहे. ब्रुकलिनच्या वृद्धांना ते काय करीत आहेत हेच ठाऊक नव्हते. त्यांचा देह त्या प्रयोगात होता, ते स्वतः नव्हते. इजा न होता अन्याय होतो तो असा.

याच विषयावर पोप बारावे पायस यांनी १४ सप्टेंबर १९५२ रोजी मज्जासंस्थेच्या अभ्यासकांपुढे भाषण केले होते. त्यांनी तीन हितांची छाननी केली. विज्ञानाचे हित, रुग्णाचे हित आणि समाजाचे हित. तिन्ही खरी आहेत, परंतु एकही अमर्याद नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. डॉक्टरचा रुग्णावरील अधिकार रुग्णाने दिलेल्या अधिकाराहून मोठा नसतो, आणि रुग्णही आपल्या देहाचा निरंकुश मालक नसतो. समाजाच्या हिताविषयीचे त्यांचे विवेचन आज विशेष मननीय वाटते. हात हा शरीराचा अवयव आहे. शरीर वाचवण्यासाठी हात कापता येतो, कारण शरीरापासून वेगळे असे हाताचे अस्तित्वच नाही. परंतु समाज हे असे शरीर नव्हे. माणूस समाजात राहतो खरा, पण तो समाजाचा सुटा भाग नसतो. म्हणून ‘एकाचे गेले तरी चालेल, हजारांचे भले होईल’ हा हिशेब माणसांच्या बाबतीत लागू पडत नाही.

हा हिशेब शुभवर्तमानाच्या वाचकांना अपरिचित नाही. साऱ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे सोयीचे, असा सल्ला कयफाने धर्मसभेला दिला होता. त्याच शुभवर्तमानात, त्याच्या आधीच्याच अध्यायात, उत्तम मेंढपाळ आपला प्राण आपणहून देतो, कोणी तो त्याच्यापासून हिरावून घेत नाही, असे प्रभू सांगतो. मरण एकच. कयफाच्या दृष्टीने ते हिरावून घेणे आहे, प्रभूच्या दृष्टीने ते देणे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला फरक दिसत नाही, तरीही सारा फरक त्यातच आहे. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाचेही तसेच. समजून-उमजून होकार देणारा रुग्ण दाता असतो. ज्याला अंधारात ठेवले, त्याच्याकडून घेतलेले कितीही उपयुक्त असले तरी ते दान नव्हे.

आता आम्ही आपल्या घरांकडे वळतो. आजाऱ्याला पवित्र तेल लावण्यासाठी अथवा कम्युनियन घेऊन आम्ही घरोघर जातो. पुष्कळदा ओट्यावरच मुलगा किंवा सून गाठते आणि हळूच म्हणते, ‘फादर, बाबांना काही बोलू नका हं. त्यांना गाठ आहे एवढेच माहीत आहे.’ आत गेल्यावर बाबा दाराकडे पाहतात, सून बाहेर गेल्याची खात्री करून घेतात आणि विचारतात, ‘फादर, मला खरे काय झालेय?’ हा अनुभव एका घरचा नाही. कितीतरी घरांत सर्वांना सर्व माहीत असते आणि सर्व जण एकमेकांपासून लपवीत असतात. बाबा मुलासाठी लपवतात, मुलगा बाबांसाठी. शेवटचे महिने या नाटकात निघून जातात आणि निरोपाचे शब्द बोलायचे राहून जातात.

हे सारे प्रेमापोटी होते, याविषयी आम्हांस शंका नाही. साउदम यांच्या कृत्याची आणि सुनेच्या मायेची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु पुढे केलेले कारण दोन्हीकडे एकच आहे: ‘त्या शब्दाने रुग्ण घाबरेल.’ आणि परिणामही एकच होतो. ज्याचा देह आहे, तोच निर्णयाच्या बाहेर राहतो. ज्याला आपल्या रोगाचे नावच ठाऊक नाही, त्याने केमोथेरपी घ्यावी की न घ्यावी, नव्या औषधाच्या चाचणीत जावे की घरी शांतपणे राहावे, याला होकार कसा द्यावा? कागदावर सही त्याची असते, उत्तर मात्र कुटुंबाचे असते.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, सत्य सांगितल्याने आशा मरते. नीतिशास्त्रात येथे एक जुना भेद केला जातो, तो उपयोगी आहे. सर्व काही न सांगणे वेगळे आणि खोटे सांगणे वेगळे. रुग्णाने विचारले नाही ते त्याच्यावर लादण्याची गरज नसते. किती जाणून घ्यायचे हे ठरवण्याचा त्याला हक्क आहे, नको म्हणण्याचाही आहे. परंतु त्याने विचारले, तर त्याला खोटे उत्तर देण्याचा हक्क कोणालाही नाही. भाकर मागणाऱ्याला आपण धोंडा देत नाही. पण भाकरही घास-घास करून देता येते. आज रोगाचे नाव, उद्या उपचाराची माहिती, परवा डॉक्टरांना काय वाटते ते. शिवाय आशा म्हणजे केवळ बरे होण्याची आशा नव्हे. वेदना कमी व्हाव्यात, दुरावलेला भाऊ भेटावा, नातीचे लग्न पाहावे, देवाशी समेट व्हावा, याही आशाच आहेत, आणि त्या पुऱ्या व्हायच्या तर वेळ किती आहे हे कळावे लागते. १९८६ साली वांद्र्याला ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले. असाध्य कर्करोग्यांसाठीचे भारतातील ते पहिले शुश्रूषागृह. बरे करणे संपले तरी काळजी घेणे संपत नाही, हे तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

दुसरा आक्षेप गरिबीचा आहे, आणि तो अधिक कठीण आहे. परळच्या पदपथांवर परप्रांतांतून आलेली कर्करोग्यांची कुटुंबे वर्षानुवर्षे दिवस काढीत आली आहेत. ज्याच्या खिशात औषधाला पैसे नाहीत, त्याला ‘चाचणीत या, औषध मोफत मिळेल’ असे म्हटले, तर त्याचा होकार किती मोकळा? ज्याला ‘नाही’ म्हणणे परवडत नाही, त्याचे ‘होय’ अपुरे असते. आपल्या देशात २०१९ साली चाचण्यांचे नवे नियम झाले. दुर्बल गटातील व्यक्तींची संमती घेताना ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते, चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे आणि रुग्णाला केव्हाही बाहेर पडता येते. नियम चांगले आहेत. परंतु पाने भरून छापलेला मजकूर त्या माणसाच्या बोलीत समजावून सांगणारे कोणी नसेल, तर नियम कागदावरच राहतात. गरिबाला चाचणीतून वगळणे हा यावरचा उपाय नव्हे. तसे केले तर नव्या औषधाचे दार त्याला दोनदा बंद होईल. चाचणीत न येणाऱ्यालाही रूढ उपचार नीट मिळतील अशी व्यवस्था असणे, हाच उपाय. तेव्हाच त्याच्या होकाराला अर्थ येतो.

आमच्या विद्यार्थ्यांना म्हणून तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली ही की, चाचणीच्या पहिल्या टप्प्याचा मुख्य हेतू औषध किती प्रमाणात सुरक्षित आहे हे पाहण्याचा असतो, बरे करण्याचा नसतो. रुग्ण मात्र बरे होण्याच्याच आशेने येतो. या दोहोंतील अंतर त्याला सांगणे हे पुढे तुमचे काम असेल. दुसरी अशी की, प्रयोगशाळेत तुम्हांला हेला नावाच्या पेशी भेटतील. त्या जगभर वापरल्या जातात. हेन्रिएटा लॅक्स या तीस वर्षांच्या कृष्णवर्णीय मातेच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून १९५१ साली बाल्टिमोरच्या रुग्णालयात त्या घेतल्या गेल्या. तिला न विचारता. त्याच वर्षी ती वारली. काचेखाली पाहताना त्या पेशी एका आईच्या आहेत, हे ध्यानात ठेवा. तिसरी, ब्रुकलिनच्या त्या तिघा तरुणांची. ते साउदम यांच्याइतके विद्वान नव्हते, त्यांच्या नावावर मोठे शोध नव्हते, नोकरी मात्र होती आणि ती त्यांनी सोडली. असा प्रसंग तुमच्यावर येईलच असे नाही. आला, तर उत्तर त्या दिवशी सुचत नसते. ते आधीपासून मनात असावे लागते.

आणि आईवडिलांना, मुलांना, सुनांना एकच विनंती. घरात असे दुखणे आले, तर डॉक्टरांशी बोलायला जाताना आजाऱ्यालाही बरोबर न्या. निदान त्याला एवढे विचारा: ‘बाबा, तुम्हांला किती जाणून घ्यायचे आहे?’ उत्तर काहीही येवो, ते त्यांचे असेल.

दर वर्षी २ नोव्हेंबरला आपण कबरस्थानात जाऊन मेणबत्त्या लावतो आणि आपल्या मृतांची नावे घेतो. ज्यांच्यावर एखादे औषध प्रथम वापरले गेले आणि ज्यांना त्याचा उपयोग झाला नाही, अशांचीही एक मेणबत्ती तेथे असावी असे आम्हांस वाटते. त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु आपल्या घरातील कोणी ना कोणी त्यांच्यामुळे आज औषध घेत आहे.